मॅक्युलाची झीज झालेल्यांसाठी रोजचा आहार: काय रांधावे, गोळी केव्हा घ्यावी आणि ताट कसे वाढावे

उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग, म्हणजे मॅक्युला, झिजत असल्याचे निदान झाले की बहुतेक घरांत दुसऱ्याच दिवशी गाजरे येतात, सकाळ-संध्याकाळ त्यांचा रस सुरू होतो आणि ओळखीतले कोणीतरी ‘डोळ्यांच्या गोळ्यां’ची बाटली सुचवते. या धडपडीमागची माया खरी असते, म्हणूनच ती योग्य ठिकाणी लागावी असे मला मनापासून वाटते. अ जीवनसत्त्व कमी पडल्याने होणारा रातांधळेपणा हा वेगळा आजार आहे. वयोमानानुसार होणारी मॅक्युलाची झीज, जिला डोळ्यांचे डॉक्टर थोडक्यात ‘एएमडी’ म्हणतात, ती अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होत नाही. त्यामुळे गाजर खाण्यात वाईट काही नसले तरी या आजारात ताटातली मानाची जागा हिरव्या पालेभाजीची आहे, आणि गोळीची जागा आजाराच्या टप्प्यावरून ठरते.

आहाराकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे घरातल्या सर्वांना आधीच ठाऊक असलेले बरे. गेलेली दृष्टी कोणत्याही भाजीने, फळाने किंवा गोळीने परत येत नाही. योग्य आहाराने झीज पुढे सरकण्याचा धोका काही प्रमाणात कमी होतो, इतकेच म्हणता येते. पण वाचता येणे, माणसे ओळखता येणे आणि स्वतःच्या हाताने जेवता येणे ही ज्या दृष्टीवर अवलंबून असतात, तिच्यासाठी तेवढेही थोडे नाही.

एक गोष्ट मात्र आहारावर सोडून देता येत नाही. स्वयंपाकघरातल्या फरशीच्या रेषा, खिडकीचे गज किंवा कॅलेंडरच्या चौकटी अचानक वाकड्या दिसू लागल्या, किंवा नजरेच्या मध्यभागी नवा काळपट डाग आला, तर ती ‘ओल्या’ प्रकारच्या झिजेची खूण असू शकते. त्या प्रकारात पडद्याखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्यांतून पाणी किंवा रक्त झिरपते. त्यावर डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांचा उपचार आहे आणि तो जितका लवकर सुरू होईल तितकी दृष्टी वाचते. अशा वेळी पुढच्या महिन्याच्या तपासणीची वाट न पाहता एक-दोन दिवसांत पडद्याच्या डॉक्टरांना दाखवावे. ही खूण वेळीच कळावी म्हणून एकेक डोळा झाकून, वाचायचा चष्मा लावून, चौकटी आखलेल्या कागदाकडे, म्हणजे आम्सलर चार्टकडे, आठवड्यातून काही वेळा पाहण्याची सवय ठेवावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो आणि बदल लक्षात येत नाही.

आधी टप्पा विचारून घ्यावा

‘पडदा थोडा खराब आहे’ एवढ्या वाक्यावर घरी परतू नये. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत: झीज कोरडी आहे की ओली; ती सुरुवातीच्या, मधल्या की पुढच्या टप्प्यात आहे; आणि दोन्ही डोळ्यांची स्थिती सारखी आहे की वेगळी. पडद्याखाली साचणाऱ्या पिवळसर कणांना ड्रुसेन म्हणतात. हे कण बारीक किंवा मध्यम आणि मोजकेच असतील तर टप्पा सुरुवातीचा समजला जातो. मोठे, म्हणजे १२५ मायक्रॉनपेक्षा अधिक रुंदीचे कण दिसू लागले की तो मधला होतो. पुढे गोळ्यांचा विचार करताना हीच नोंद लागते.

निदानाचे नाव नेमके काय आहे हेही पाहावे. मधुमेहामुळे पडद्याला येणारी सूज हा वेगळा आजार आहे आणि त्यात साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे हेच आहाराचे मुख्य काम असते. तरुण वयात दिसणारा, अनुवंशाने येणारा स्टारगार्ट नावाचा आजारही मॅक्युलाचाच आहे. परंतु त्यात अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा कॉड माशाच्या यकृताचे तेल घेणे टाळायला सांगतात, कारण त्या जीवनसत्त्वापासून तयार होणारे अपायकारक पदार्थ पडद्यात साचत जातात. म्हणजे शेजारच्या घरात एखाद्याला जी बाटली दिली गेली, तीच आपल्या घरात अपाय करू शकते.

पालेभाजी: किती आणि कशी

मॅक्युला हा पडद्याचा साधारण साडेपाच मिलिमीटर व्यासाचा भाग. त्यात पिवळ्या रंगाचे एक द्रव्य असते, जे निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि पेशींची ऑक्सिडीकरणाने होणारी हानी रोखते. हे द्रव्य मुख्यतः ल्युटीन आणि झियाझँथिन या दोन घटकांचे बनलेले असते. शरीराला हे घटक स्वतः तयार करता येत नाहीत. जे पडद्यापर्यंत पोहोचते ते पोटातूनच जाते. म्हणून रोजच्या जेवणातील पालेभाजी ही या आहाराची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

शिजवलेल्या १०० ग्रॅम पालकात ल्युटीन व झियाझँथिन मिळून साधारण ११ मिलिग्रॅम असतात. याच आजारावरच्या प्रसिद्ध गोळ्यांमध्ये ल्युटीन १० आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम असते. याचा अर्थ, पालकाच्या भाजीची भरलेली एक वाटी त्या गोळीतल्या ल्युटीनच्या जवळपास जाते. मेथी, शेवग्याचा पाला, माठ, राजगिरा, चाकवत, शेपू, अंबाडी, अळू, मुळ्याचा पाला आणि कोथिंबीर यांतही हे घटक असतात. प्रमाण कमी-जास्त असले तरी पान जितके गडद हिरवे तितके ते बहुधा अधिक, हा खरेदीचा सोपा नियम आहे. कोबीच्या पांढऱ्या पानांत ते फारसे नसते. रोज शिजलेली एक वाटी हे उद्दिष्ट ठेवावे आणि आठवड्यातून एखादा दिवस चुकला तर त्याची काळजी करू नये.

ही वाटी पोटात जाऊनही वाया जाऊ शकते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा तेल असते. ल्युटीन स्निग्ध पदार्थात विरघळते. जेवणात स्निग्धांश जवळजवळ नसेल तर आतड्यातून त्याचे शोषण फारच कमी होते. हृदयविकाराच्या भीतीने ज्या घरांत भाज्या नुसत्या पाण्यात उकडून दिल्या जातात, तिथे नेमके हेच घडते. एका माणसाच्या वाटीमागे एक लहान चमचा तेलाची फोडणी किंवा तेवढेच शेंगदाण्याचे कूट पुरेसे आहे. त्याहून अधिक तेलाची गरज नाही. पाने बारीक चिरली आणि शिजून मऊ झाली की पेशींच्या भिंती मोडतात आणि आतले ल्युटीन सुटे होते, म्हणून कच्च्या कोशिंबिरीपेक्षा शिजलेली भाजी या कामासाठी अधिक उपयोगी पडते. उलट फार वेळ तळले किंवा परतत ठेवले तर ते नष्ट होऊ लागते. पालकाच्या भज्यांना त्यामुळे पालेभाजीच्या हिशेबात धरू नये.

आपल्याकडची ताकातली पातळ भाजी या सगळ्या अटी सहज पूर्ण करते, म्हणून ती थोडी तपशिलात सांगते. दोन मोठे चमचे हरभऱ्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे तीन-चार तास भिजवून कुकरमध्ये वेगळे शिजवून घ्यावेत. पालकाची एक मोठी जुडी निवडून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन बारीक चिरावी आणि पातेल्यात झाकण ठेवून पाच-सात मिनिटेच शिजवावी. पानांना सुटलेले पाणी फेकू नये, कारण क जीवनसत्त्व आणि फोलेट त्या पाण्यात उतरतात. पळीने घोटून त्यात शिजलेली डाळ व दाणे घालावेत. अडीच वाट्या ताकात दोन चमचे बेसन गुठळ्या न होऊ देता कालवून ते मंद आचेवर ओतावे आणि एक उकळी येईपर्यंत ढवळत राहावे, नाहीतर ताक फुटते. शेवटी मोहरी, हिंग, हळद, मेथीचे चार दाणे, लसूण आणि लाल मिरचीची फोडणी वरून द्यावी. तीन-चार माणसांना ही भाजी पुरते, दात नसलेल्यांनाही खाता येते आणि भाकरी कुस्करून त्यात भिजवली तर संपूर्ण जेवण होते.

रोज तेच ते नको असेल तर मेथीचे थालीपीठ, शेवग्याचा पाला घातलेले वरण, पालकात मळलेली कणीक, अळूचे फदफदे असा फेर धरावा. श्रावणात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरांनी त्या महिन्यात पिवळी मक्याची कणसे, लाल भोपळा आणि मिळतील तेव्हा हिरवे मटार यांवर भर द्यावा. मक्यात झियाझँथिन चांगले असते. पालकाइतके ल्युटीन यांतून मिळत नाही, परंतु एका महिन्याच्या खंडाने नुकसान होईल असे समजण्याचे कारण नाही.

तीन प्रकारच्या रुग्णांनी मात्र पालेभाजी वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. ज्यांना रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिन किंवा अॅसिनोकुमारॉल दिले आहे, त्यांच्या औषधाचा परिणाम पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने कमी होतो. अशांनी भाजी बंद करण्याची गरज नसते. पण एक दिवस तीन वाट्या आणि पुढचे चार दिवस काहीच नाही, असे होऊ न देता रोज ठरावीक प्रमाण ठेवावे आणि प्रमाण बदलल्यास आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पालेभाजीतले पोटॅशियम सोसेलच असे नाही. आणि ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे होतात, त्यांनी पालक, माठ, राजगिरा व अळू यांच्याऐवजी मेथीसारखी कमी ऑक्झलेटची भाजी निवडावी व पाणी भरपूर प्यावे.

बाकीच्या ताटाविषयी

अंड्याच्या पिवळ्या बलकात ल्युटीन थोडेच, पाव मिलिग्रॅमच्या आसपास असते; पण सोबतच्या स्निग्धांशामुळे ते चांगले शोषले जाते. अंडी खाणाऱ्यांनी म्हणून बलक काढून टाकून फक्त पांढरे खाण्याची सवय, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, सोडावी.

माशांविषयी थोडे अधिक बोलायला हवे. पडद्याच्या पेशींच्या आवरणात डीएचए हे ओमेगा-३ प्रकारचे स्निग्धाम्ल मोठ्या प्रमाणात असते, आणि आठवड्यातून एक-दोनदा मासे खाणाऱ्यांमध्ये या आजाराची पुढची अवस्था कमी आढळते, असे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. कोकणात आणि गोव्यात सहज मिळणारे बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे या बाबतीत पापलेटपेक्षा सरस आहेत. ते आमटीत किंवा कालवणात शिजवावेत. खोल तेलात तळू नयेत. याच ओमेगा-३च्या कॅप्सुलांची मात्र अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत परीक्षा झाली आणि झीज थांबवण्यात त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही. मासा खाणाऱ्याच्या ताटातून मांस, मैदा किंवा तळलेले असे दुसरे काहीतरी कमी होत असते, आणि कॅप्सूल घेणाऱ्याचे ताट होते तसेच राहते, हे त्याचे एक कारण असू शकेल. शाकाहारी घरांत जवसाची चटणी आणि अक्रोड जरूर असावेत. त्यांतले ओमेगा-३ शरीरात डीएचएमध्ये अगदी थोडेच बदलते, तरी एकूण आहाराला ते चांगलेच. जवस भाजून कुटून खावे, कारण अख्खे दाणे बहुधा न पचताच बाहेर पडतात.

क जीवनसत्त्वासाठी महागड्या फळांची गरज नाही. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या पुढे असते आणि आवळ्यात त्याहूनही अधिक. ई जीवनसत्त्व शेंगदाणे, बदाम व सूर्यफुलाच्या बियांतून, तर जस्त तीळ, भोपळ्याच्या बिया, डाळी, कडधान्ये, मटण आणि अंड्यांतून मिळते. कोकणच्या खाडीतली कालवे तर जस्ताचा सर्वांत समृद्ध नैसर्गिक स्रोत समजली जातात. कडधान्ये आणि धान्ये यांतले जस्त त्यांच्यातल्याच फायटेट नावाच्या द्रव्यामुळे अडून राहते. मटकी-मुगाला मोड आणणे किंवा पीठ आंबवणे, या आपल्या जुन्या रीतींनी ते अधिक मोकळे होते.

पांढरा भात, मैदा, साबुदाणा आणि साखर यांनी रक्तातली साखर झपाट्याने चढते, आणि असा आहार नेहमी घेणाऱ्यांमध्ये झीज पुढे सरकण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. एका वेळच्या भाताऐवजी ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी ठेवणे बहुतेक घरांना जमण्यासारखे आहे. उपवास करणाऱ्यांनी साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि पेरू असा फराळ ठेवावा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी भगरीचेही प्रमाण जपावे. मीठ, पापड आणि लोणची यांना रक्तदाबाच्या कारणाने आवर घालावा.

युरोपात रॉटरडॅम आणि बोर्दो येथील ज्येष्ठांच्या दीर्घ पाहणीत भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीचा आहार, म्हणजे भाज्या, फळे, कडधान्ये, मासे भरपूर आणि मांस कमी, असा आहार काटेकोरपणे घेणाऱ्यांमध्ये पुढच्या टप्प्याची झीज ४१ टक्के कमी आढळली. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. तरीही एका एका पदार्थापेक्षा संपूर्ण ताट महत्त्वाचे, हे तिच्यातून दिसते, आणि भाकरी, पालेभाजी, उसळ, कोशिंबीर, ताक व माशाचे कालवण असे आपले साधे ताट त्या पद्धतीपासून फार दूर नाही. त्यासाठी ऑलिव्हचे तेल विकत आणण्याची गरज नाही.

आणि आहारात मोडत नसली तरी इथे सांगायलाच हवी अशी एक गोष्ट: विडी-सिगारेट ओढणे हे या आजाराचे आपल्या हातात असलेले सर्वांत मोठे कारण आहे. ते चालू ठेवून पालेभाजीवर भरवसा ठेवता येणार नाही.

गोळ्या: कोणाला, कोणत्या, किती

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने केलेल्या एआरईडीएस या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. क आणि ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांची ठरावीक, मोठी मात्रा रोज घेतल्यास मधल्या टप्प्यातील रुग्णांची झीज पाच वर्षांत पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यातून दिसले. एका डोळ्यात पुढचा टप्पा आलेला असेल तर दुसऱ्या डोळ्यासाठीही हा फायदा लागू होता. ज्यांना आजार नव्हता किंवा अगदी सुरुवातीचा होता, त्यांना या गोळ्यांचा फायदा दिसला नाही.

दुसऱ्या चाचणीत, एआरईडीएस-२ मध्ये, ४,२०३ जणांचा सहभाग होता आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. बीटा-कॅरोटीनच्या जागी ल्युटीन व झियाझँथिन वापरणे अधिक सुरक्षित, हा तिचा मुख्य धडा. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग दोन टक्के, तर न घेणाऱ्यांत ०.९ टक्के आढळला, आणि त्यांतले बहुतेक जण पूर्वी धूम्रपान केलेले होते. म्हणजे सिगारेट सोडून बरीच वर्षे झालेल्या आजोबांनाही बीटा-कॅरोटीनची गोळी देऊ नये. गाजर आणि आंब्यातून मिळणाऱ्या बीटा-कॅरोटीनला हा धोका लागू नाही. याच चाचणीतली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे: ज्यांच्या जेवणात ल्युटीन सर्वांत कमी होते, त्यांनाच ल्युटीनच्या गोळीचा फायदा स्पष्ट दिसला.

बाटली विकत घेताना तिच्या मागची बारीक अक्षरे कोणीतरी वाचून दाखवावीत. रोजच्या मात्रेत क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० आंतरराष्ट्रीय एकके, ल्युटीन १०, झियाझँथिन २, जस्त ८० किंवा २५, आणि तांबे २ मिलिग्रॅम, हे चाचणीत वापरलेले प्रमाण आहे. दोन्ही मात्रांच्या जस्तात परिणामाचा ठळक फरक दिसला नव्हता, त्यामुळे पोटाला त्रास होणाऱ्यांसाठी कमी मात्रेविषयी डॉक्टरांना विचारता येते. बाजारात ‘डोळ्यांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत यातले काही घटक नसतात किंवा अगदी नावापुरते असतात. अमेरिकेत असलेली मुले-मुली आईवडिलांसाठी बाटल्या घेऊन येतात तेव्हा हा तपास विशेष करावा, कारण जुन्या सूत्राच्या, बीटा-कॅरोटीन असलेल्या बाटल्या नव्या सूत्रासारख्याच दिसतात. नावापुढे ‘२’ आहे की नाही आणि घटकांच्या यादीत काय आहे, हे दोन्ही पाहावे.

ही मात्रा औषधाची आहे, आहाराची नाही. एवढे ई जीवनसत्त्व बदामांतून मिळवायचे तर रोज अर्धा किलोपेक्षा कितीतरी जास्त बदाम खावे लागतील. त्यामुळे मधल्या टप्प्यावर असलेल्या रुग्णाने ‘आम्ही सगळे नैसर्गिकच घेतो’ म्हणून गोळी नाकारू नये. औषधाची मात्रा असल्यामुळे त्याचे दुष्परिणामही धरायला हवेत. जास्त जस्त दीर्घकाळ घेतल्यास शरीरातले तांबे घटते आणि रक्तक्षय होऊ शकतो, म्हणूनच सूत्रात तांबे घातलेले असते. नुसत्या जस्ताच्या गोळ्या वेगळ्या घेऊ नयेत. लघवीच्या तक्रारी, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर तशी कल्पना डॉक्टरांना आधी द्यावी. जस्त रिकाम्या पोटी मळमळ आणते, म्हणून गोळी जेवणानंतर घ्यावी. त्या जेवणात फोडणी असतेच, तिचा ल्युटीनलाही उपयोग होतो. या गोळ्यांतले ल्युटीन बहुधा झेंडूच्या पाकळ्यांपासून काढलेले असते. पण त्यावरून घरच्या झेंडूचा काढा करून पिण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. बाजारातल्या फुलांवर फवारणी झालेली असते आणि काढ्यात ल्युटीन उतरतही नाही.

दिसत नसलेल्या ताटातून जेवणे

मध्यभागाची दृष्टी गेलेल्या माणसाला खोली दिसते, माणूस आत आल्याचे कळते, परंतु ज्या घासाकडे तो पाहतो तोच घास धूसर असतो. पुष्कळ वृद्ध मंडळी यामुळे हळूहळू कमी जेवू लागतात. सांडेल या संकोचाने पातळ भाजी नको म्हणतात, काट्याच्या भीतीने मासा सोडतात आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढतात. वर सांगितलेले सगळे काळजीने रांधूनही ते पोटात जात नसेल, तर पाककृतीत काही शोधू नये. वाढण्याची पद्धत आधी पाहावी.

आपल्या पंगतीचा वाढण्याचा क्रम इथे फार मोठी मदत करतो. मीठ वर मध्यभागी, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर डावीकडे, भाजी आणि आमटी उजवीकडे, भात समोर, ही डावी-उजवी बाजू जिच्या हाताला आयुष्यभराची सवय आहे, त्या आजीला डोळ्यांनी न पाहताही ताटात वावरता येते. म्हणून हा क्रम रोज, न चुकता, तसाच पाळावा. एखाद्या दिवशी पदार्थ वेगळा असेल तर वाढताना बोलून सांगावे: ‘उजवीकडे पहिल्या वाटीत पालक आहे, दुसरीत ताक.’ वाट्या ताटात सरकत असतील तर ताटाखाली ओलसर फडके घालावे.

स्टीलच्या ताटात ट्यूबलाइटचा उजेड चमकतो आणि पांढरा भात त्यात हरवून जातो. भातासाठी गडद रंगाचे, चमक नसलेले, उभ्या काठाचे ताट घ्यावे. हिरवी भाजी पांढऱ्या वाटीत आणि ताक गडद पेल्यात द्यावे, चहा मात्र पांढऱ्या कपात. नक्षीदार ताटे आणि फुलाफुलांचे टेबलक्लॉथ टाळावेत. उजेड समोरून डोळ्यांवर न येता खांद्यामागून ताटावर पडावा. अनेक रुग्ण शिल्लक असलेल्या कडेच्या दृष्टीने पाहायला शिकतात आणि जेवताना ताटाकडे थेट न बघता किंचित बाजूला बघतात. त्यांना ‘ताटाकडे लक्ष द्या’ असे टोकू नये, कारण त्यांना दिसते ते तसेच.

बांगड्याचा मधला काटा सहज निघतो, तेव्हा तो काढून मांसाचे तुकडे बोटांनी चाचपून मगच भातावर द्यावेत. तारलीचे बारीक काटे जेवताना नीट निघत नाहीत. ज्याला ते दिसत नाहीत त्याला तारली शिजवून, काटे काढून, वड्या करून द्यावी.

स्वयंपाकघरातले काम पूर्णपणे काढून घेऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. मेथी खुडणे हे डोळ्यांपेक्षा बोटांचे काम आहे, आणि वर्षानुवर्षे भाजी निवडलेली बोटे कोवळे देठ आणि जून देठ बरोबर ओळखतात; पिवळी पाने, गवत आणि अळ्या यांसाठी दुसऱ्या कोणीतरी शेवटची नजर टाकली की झाले. पावसाळ्यात हे विशेष पाळावे. मीठ आणि साखर यांचे डबे वेगवेगळ्या आकाराचे असावेत किंवा एकाला रबरबँड लावलेला असावा. गॅसच्या शेगडीची ‘बंद’ आणि ‘मंद’ ही ठिकाणे हाताला लागतील अशा उंचवट्याच्या खुणेने दाखवावीत. उकळते दूध आणि तापलेले तेल यांचे काम घरात दुसरे कोणी असताना करावे.

घरातल्या इतरांनी काय करावे

हा आजार काही अंशी अनुवंशाने येतो, त्यामुळे आई किंवा वडिलांना झाला असेल तर मुलांनी पन्नाशीनंतर पडद्याची तपासणी नियमित करून घ्यावी आणि धूम्रपान असेल तर आजच सोडावे. गोळ्यांची बाटली मात्र त्यांनी वाटून घेऊ नये. निरोगी डोळ्यांना तिचा फायदा दिसलेला नाही आणि एवढ्या मोठ्या मात्रेचे जस्त विनाकारण घेणे योग्य नाही. पालेभाजीची मोठी जुडी आणली आहे, ती सर्वांसाठी एकाच पातेल्यात शिजवावी. रुग्णाची भाजी वेगळी, बिनतेलाची आणि अळणी केली की ती दोन आठवड्यांत बंद पडते. सगळ्यांचीच ती झाली तर रोज होते.